गावातलं जुनं देऊळ आणि बारव: सरकारी निधी मिळतो, पण आधी सातबारा काढा

प्रश्न मराठवाड्यातल्या एका गावातून आला आहे. वेशीबाहेर यादवकाळातलं महादेवाचं दगडी देऊळ आहे, त्याला लागून पायऱ्यांची बारव. मंडपाच्या छतावर पिंपळ वाढलाय, पावसाळ्यात आत पाणी ठिबकतं, बारवेचा एक कोपरा ढासळलाय. ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत. सरकारकडून जतनासाठी निधी मिळतो का, अर्ज कुणाकडे करायचा आणि किती मिळतो, असं विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ‘किती’ याला ठरलेला आकडा नाही. जेवढं अंदाजपत्रक मंजूर होईल तेवढा निधी. संवर्धनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. पैसे नव्हते म्हणून खराब झालेली देवळं मी जेवढी पाहिली, तेवढीच नको त्या कामाला पैसे आले म्हणून खराब झालेलीही पाहिली. पैसे नसले तर देऊळ गळत का होईना, उभं राहतं. चुकीचे पैसे आले तर त्याच्या डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब चढतो. तेव्हा मागणी लहान ठेवा, नेमकी ठेवा.

आता कागद. देऊळ कुणाच्या नावावर आहे? गावात विचारलं की ‘गावाचं’ असं उत्तर मिळतं, पण कागदावर तसा मालक नसतो. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सिटी सर्व्हे झाला असल्यास मिळकत पत्रिका काढा, गावठाणाबाहेर असेल तर सातबारा. त्यावर ‘सरकार’ निघेल, देवस्थान इनाम निघेल, वन विभाग निघेल, एखाद्या घराण्याचं किंवा गुरवाचं नावही निघेल. बारवेची गंमत अशी की ती बऱ्याचदा शेजारच्या शेताच्या गटातच मोडते आणि इतर हक्कात ‘विहीर’ एवढीच नोंद असते. म्हणजे देऊळ एकाचं, बारव दुसऱ्याची. हे आधी कळलं नाही तर निधी मंजूर झाल्यावर शेतमालक हरकत घेतो आणि काम थांबतं ते थांबतंच. त्याच्याशी पारावर बसून बोलून लेखी संमती घेणं हे कुठल्याही अर्जापेक्षा मोठं काम आहे.

सातबारावर ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ दिसलं तर तिथं थांबा आणि नीट वाचा. आपल्याकडे देवळांच्या देखभालीचा सरकारी निधी मुळात रोखीपेक्षा जमिनीच्या रूपातच जास्त होता. बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीला यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा ताम्रपट सापडला, तोही दानाचाच कागद. तुमच्या देवळाला इनाम जमीन असेल, तर तिचं उत्पन्न पूजा आणि देखभालीसाठीच आहे. आज ती कोण कसतो आणि खंड कुठे जातो, हे विचारलं की गावात वातावरण तापतं, ते मला माहीत आहे. तरी सरकारकडे हात पसरण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. देवस्थानाचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयातून नोंदवहीचा उतारा काढा, त्यात या जमिनी लिहिलेल्या असतात.

मालकीनंतर दुसरी गोष्ट: स्मारक संरक्षित आहे का? इथं तीनच शक्यता. केंद्राचं म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं, नाहीतर कुणाचंच नाही. केंद्राची महाराष्ट्रात २८६ स्मारकं आहेत, राज्याची साडेतीनशेच्या वर. बाकीची हजारो देवळं, गढ्या, बारवा, समाध्या तिसऱ्या वर्गात. तुमचं देऊळ बहुधा तिथंच असणार. तरीही गावोगाव ‘ते पुरातत्त्व खात्याकडे गेलंय, आपल्याला हात लावता येत नाही’ अशी समजूत पक्की असते. कधीतरी कुणी साहेब जीपमधून येऊन फोटो काढून गेलेले असतात, तेवढ्यावर गाव वीस वर्षं गवत काढत नाही. खरं काय ते संचालनालयाच्या सहायक संचालकांच्या कार्यालयात विचारा. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड अशी दोन कार्यालयं आहेत.

हे महत्त्वाचं अशासाठी, की संचालनालयाचा जतन-दुरुस्तीचा पैसा संरक्षित स्मारकांसाठी असतो. असंरक्षित देवळासाठी तिथं अर्ज केलात तर ‘सदर स्मारक राज्य संरक्षित नाही’ एवढं उत्तर येईल, आणि ते बरोबरच असेल. मग पहिला अर्ज निधीचा नको, संरक्षित घोषित करण्याचा करा. १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्यात आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने मिळतात, मग अंतिम अधिसूचना. दोन्हींच्या मध्ये बऱ्याचदा वर्षं जातात, कारण फाइल मोजणी आणि महसूल अभिलेखात अडकते. मोजणीचा नकाशा आणि उतारे तुम्हीच जोडून दिले तर ती पुष्कळ पुढे सरकते.

गावाला संरक्षणाची भीती वाटते ती दोन कारणांनी. ‘देऊळ सरकार घेईल’ हे पहिलं. तसं होत नाही. मालकी आहे तिथंच राहते आणि पूजाअर्चाही चालू राहते. दुसरी भीती आजूबाजूच्या बांधकामाची, आणि ती अगदीच खोटी नाही. केंद्रीय स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीशिवाय नाही, असं २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच आहे. राज्य संरक्षित स्मारकाच्या संरक्षित हद्दीतही विचारल्याशिवाय काही करता येत नाही. सभामंडप वाढवायचा, दीपमाळेला टाइल्स लावायच्या असले बेत गावाने आधीच आखले असतील, तर ते मोडीत निघणार. ग्रामसभेत हे आधी सांगा. अधिसूचना निघाल्यावर कळलं की लोक चिडतात.

आता निधीचे दरवाजे. जिल्ह्याच्या पातळीवर सगळ्यात जवळचा दरवाजा जिल्हा वार्षिक योजनेचा. ती ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. गडकिल्ले, मंदिरं आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांसाठी या योजनेतून ३ टक्क्यांपर्यंत निधी ठेवायची तरतूद अलीकडे झाली, आणि आमच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत घडलेला हा सगळ्यात कामाचा बदल. पूर्वी सगळं मुंबईच्या फाइलवर अवलंबून असे. संरक्षित स्मारकाची मागणी सहायक संचालकांच्या कार्यालयातून जिल्हा नियोजनाकडे जाते. आमदार-खासदारांचा स्थानिक निधी लोकांना पहिला आठवतो, पण खासदार निधीतून प्रार्थनास्थळाची कामं करता येत नाहीत, तेव्हा देवळासाठी तिकडे चकरा मारू नका.

राज्याच्या पातळीवर मोजक्या देवळांची निवड होते. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात आठ प्राचीन मंदिरांसाठी १०१ कोटींची तरतूद झाली, त्यात खिद्रापूरचं कोपेश्वर, सिन्नरचं गोंदेश्वर, मार्कंडा, राजापूरचं धूतपापेश्वर होतं आणि मराठवाड्यातलं छत्रपती संभाजीनगरजवळच्या सातारा गावचं खंडोबा आणि तेच पुरुषोत्तमपुरी. अंमलबजावणीला राज्य रस्ते विकास महामंडळ. देवळांचं काम रस्त्यांच्या महामंडळाकडे का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो आम्हालाही पडला होता. अशा यादीत गावातलं अनाम देऊळ येत नाही, आलं तर राजकीय वजनाने येतं. त्याची वाट पाहू नका.

कंपन्यांचा पैसा हा तिसरा दरवाजा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारती आणि स्थळांचं जतन आहे, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी (सीएसआर) त्यावर खर्च करता येतो. केंद्राच्या स्मारकांसाठी १९९६ पासूनचा राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, तिथं देणगीदार आपलं स्मारक निवडू शकतो. राज्याच्या स्मारकांसाठी २००७ ची ‘महाराष्ट्र वैभव’ संगोपन योजना आहे. तिच्यातलं गाजलेलं उदाहरण नळदुर्ग: सोलापूरच्या एका खासगी कंपनीने किल्ला संगोपनाला घेतला, पाणीमहालाचा परिसर झाडून-पुसून लख्ख झाला, तिकीट लागलं, पर्यटक वाढले. बोटिंग आणि बगिच्यावरून नाकं मुरडणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मीही थोडा मुरडतो. पण त्याआधी तिथली काटेरी झुडपं कुणी काढत नव्हतं, हेही खरं. तुमच्या देवळासाठी मोठी कंपनी येणार नाही. जवळचा साखर कारखाना किंवा सूतगिरणी विचारून पाहायला हरकत नाही.

चौथा दरवाजा सगळ्यात सताड उघडा आहे आणि खड्डाही तिथंच आहे. ‘क’ वर्ग पर्यटनस्थळ किंवा ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्र. दर्जा जिल्हा नियोजन समितीच देते, त्यामुळे तो लवकर मिळतो, निधीही येतो. मात्र या लेखाशीर्षाचा पैसा सुविधांसाठी असतो: भक्तनिवास, स्वच्छतागृह, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, कमान. देवळाचं गळकं छत त्यात बसत नाही. मग काय होतं? निधी आलाय, खर्च तर करायचाय, म्हणून देवळाभोवती पेव्हर बसतात. एका तालुक्यात मी पाहिलं, पेव्हर देवळाच्या जोत्याच्या थरापर्यंत चढवले होते. पूर्वी अंगणातली माती पाणी पीत होती, आता ते सगळं उताराने जोत्याकडे येऊन भिंतीत चढतं. दोन पावसाळ्यांत गाभाऱ्याच्या आतल्या दगडांवर पांढरं मीठ फुटलं. तिथल्या लोकांना वाटत होतं की देवळाचा विकास झाला. या शीर्षाचा पैसा घ्यायचाच असेल तर स्वच्छतागृह आणि वाहनतळासाठी घ्या, देवळापासून लांब, आणि देवळाच्या आवारात फक्त पाणी बाहेर काढणारा दगडी गटार मागा.

अंदाजपत्रकाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण देवळाचं बरंवाईट तिथंच ठरतं. अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर बनतं. सिमेंटने सांधे भरणं (दर्जकाम), आरसीसी, वॉटरप्रूफिंगचे कंपाऊंड, सगळ्याचे दर तिथं तयार असतात. तुमच्या देवळाला लागतं ते वेगळंच. यादवकाळातल्या देवळांच्या भिंतीत मुळात मसालाच नसतो. घडीव दगडावर दगड कोरडा बसवलेला, खाच आणि कूस करून अडकवलेला. त्यामुळे सांध्यांत सिमेंट भरणं हे वाईट तर आहेच, शिवाय निरर्थक आहे. त्या सांध्यांना भरायचं असं काही नसतंच. चुना लागतो तो वर, छताच्या कोब्याला. छताच्या दगडी पाटांवर, म्हणजे आडव्या शिळांवर, विटांचे तुकडे आणि चुन्याचा जाड थर, तो लाकडी थापीने दिवसेंदिवस थोपटून घट्ट केलेला. तो फुटला की पाणी झिरपतं. दुरुस्ती म्हणजे तोच थर पुन्हा करणं.

हे काम अंदाजपत्रकात लिहायचं तर ती दरसूचीबाहेरची बाब होते. मग दर विश्लेषण करा, तीन दरपत्रकं मागवा, वरून मान्यता आणा. शाखा अभियंता एवढा खटाटोप करत नाही, तो चार इंच काँक्रीट लिहून मोकळा होतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. लेखापरीक्षणात त्याला दर कुठून आणला ते विचारतात, तुळई का तडकली ते कुणी विचारत नाही. म्हणून दर विश्लेषण तुम्ही, म्हणजे तुमच्या बाजूच्या संवर्धन वास्तुविशारदाने, तयार करून त्याच्या हातात द्यायचं. त्यात कळीचा चुना, तो टाकीत भिजवून मुरवण्याचे आठवडे, वाळू, सुरखी (विटांची भुकटी), चुन्याच्या घाण्यात मळण्याची मजुरी, थोपटणाऱ्या बायांची मजुरी, पाणी वाहून आणणं, असं सगळं ओळीओळीने यायला हवं. हमखास वगळली जाणारी ओळ म्हणजे केलेलं काम ओल्या गोणपाटाखाली झाकून रोज पाणी मारण्याची. ती नसली की ठेकेदार माणूस ठेवत नाही, चुना उन्हात भराभर सुकतो, भुगा होतो आणि मग सगळे म्हणतात, ‘बघा, चुना टिकत नाही.’

निविदेतही एक अट घालून घ्या: ठेकेदाराने चुन्यातली संवर्धनाची कामं पूर्वी केलेली असावीत आणि त्याचे दाखले जोडावेत. नाहीतर ज्याने कालपर्यंत अंगणवाड्या बांधल्या तो पंचवीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने, निविदा भरून काम घेतो. पंचवीस टक्के बिलोमध्ये पहिला बळी चुन्याचाच जातो.

वेळापत्रकही समजून घ्या. जिल्ह्याचा पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात तयार होतो, जानेवारीच्या आसपास बैठका होतात. त्याआधी, म्हणजे गणपती-दसऱ्याच्या सुमारास, तुमचा प्रस्ताव अंदाजपत्रकासह कार्यालयात पोचलेला हवा. नंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा. प्रत्यक्ष पैसा बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, दिसायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो आणि ३१ मार्चला तो परत जातो. जिल्हा परिषदेकडे आलेला निधी पुढच्या मार्चपर्यंत चालतो, राज्याच्या विभागांचा चालत नाही. चुन्याला मात्र मार्चअखेर कळत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाची मागणी अशी ठेवा की दोन महिन्यांत नीट पुरी होईल: मोजमापाचे नकाशे, झाडोरा काढणं, धोक्याच्या भागाला टेकू. छताचं काम दुसऱ्या वर्षात धरा. आणि एक आतली गोष्ट. फेब्रुवारीत जिल्ह्यात पुनर्विनियोजन होतं, ज्यांचा निधी खर्च होणार नाही त्यांचा काढून तयार कामांना देतात. ज्याच्या हातात तांत्रिक मान्यतेची फाइल असते त्याला तेव्हा शोधत येतात.

बारवेसाठी वेगळा विचार करा. ती जलस्रोत आहे, म्हणून गाळ काढण्यासाठी वित्त आयोगाचा बंधित (पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला) निधी किंवा रोजगार हमी असे मार्ग ग्रामपंचायतीच्या हातात आहेत, पुरातत्त्वाची वाट पाहावी लागत नाही. फक्त जेसीबी काठावर आणू नका. ढासळलेला कोपरा त्याच्याच वजनाने आणखी बसेल. गाळ माणसांनी काढायचा, तोही आधी पाण्याची पातळी हळूहळू उतरवून, कारण एकदम उपसा केला की भिंतीमागची ओली माती आतल्या बाजूला लोटते. पडलेले चिरे तळाशीच सापडतील, त्यांना खडूने नव्हे, रंगाने नंबर घाला आणि काठावर ओळीने मांडून फोटो काढा. कोपरा त्याच दगडांतून पुन्हा उभा राहतो. गाळात मूर्ती, नाणी, दागिना काही निघालं तर पंचनामा करून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि त्यात कळवण्याची मर्यादा दहा रुपये आहे. वीरगळ निघाले तर ते देवळाच्या भिंतीत सिमेंटने बसवायचा मोह आवरा.

रायगडासारख्या मोठ्या आकड्यांकडे पाहून हुरळू नका. रायगडच्या आराखड्याला सुमारे ६०६ कोटी मंजूर झाले, पण त्यात महाड ते रायगड रस्ता, भूसंपादन, पाचाडची कामं असं सगळं आहे. गडाच्या भिंतींना प्रत्यक्ष लागलेला वाटा हा त्यातला एक भाग. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हा ‘आता युनेस्कोचा निधी येणार’ असं सगळीकडे ऐकू आलं. यादीत नाव गेलं की डागडुजीचा पैसा आपोआप येत नाही. व्यवस्थापन आराखडा पाळायची जबाबदारी येते आणि खर्च राज्याचा-केंद्राचाच असतो.

निधी येईपर्यंत फुकटात किंवा लोकवर्गणीत करण्यासारखं सांगतो. सगळ्यात आधी नोंदी. प्रत्येक भिंतीचा समोरून, मोजपट्टी ठेवून फोटो, पडलेल्या प्रत्येक शिल्पखंडाचा फोटो आणि जागा, गावातल्या म्हाताऱ्यांकडे असलेले जुने फोटो. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात केंद्राची ९२ संरक्षित स्मारकं जागेवर सापडतच नाहीत असं निघालं होतं. ज्यांना कायद्याचं संरक्षण होतं त्यांची ही गत, तुमच्या बारवेला तर आज कागदावर अस्तित्वच नाही. छतावरचा पिंपळ उपटू नका, त्याच्या मुळांनीच काही पाट धरून ठेवलेले असतील. खोड बुंध्याशी कापा, कापलेल्या जागी जाणकाराकडून औषध भरून घ्या, मुळं वाळू द्या आणि मगच दगड हलवा. ऑइल पेंटचे डबे कुणी भक्त घेऊन आला तर त्याला समई घ्यायला सांगा. कोरीव दगडावरचा रंग उतरवायचा खर्च नंतर छताच्या दुरुस्तीपेक्षा जास्त येतो.

ग्रामसभेचा ठराव १५ ऑगस्टच्या सभेत घ्या, तेव्हा गणपूर्ती होते. ठरावात गट क्रमांक, चतुःसीमा, मालकाची संमती आणि ‘राज्य संरक्षित स्मारक घोषित करावे’ ही मागणी स्वच्छ लिहा. निधीची मागणी वेगळ्या ठरावात ठेवा, कारण दोन्ही एकत्र असले की कार्यालय सोप्या अर्ध्याला उत्तर देऊन फाइल बंद करतं. प्रत सहायक संचालकांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना, तिन्ही ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. आणि तोवर या पावसाळ्यापुरती छतावर ताडपत्री टाकायची असेल तर तिच्या कडांना वाळूची पोती ठेवा, खिळे दगडात ठोकू नका.